कमान, खटका आणि दट्ट्या

मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते, तेव्हा वैनगंगेच्या काठाने दुकानांची रांग लागते. त्या रांगेच्या शेवटी, पाळण्यांच्या थोडे अलीकडे, फुग्यांची फळी असायची. मागे चादर, चादरीवर ओळीने बांधलेले फुगे, पुढच्या बाकावर तीन-चार छर्ऱ्याच्या बंदुका. वडिलांबरोबर बैलबंडीने गेलो होतो, तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. किती फुगे फुटले ते आठवत नाही. आठवते ते हे, की रात्री गर्दी ओसरल्यावर फळीवाल्याने त्यातली एक बंदूक पोत्यावर उघडून मांडली आणि मी तिथून हललो नाही. दस्ता वेगळा, नळी वेगळी, मधल्या पोकळ नळकांड्यातून निघालेली वीतभर लांब स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पुढे लोखंडी दट्ट्या. दट्ट्याच्या तोंडावर चामड्याची वाटी होती, वाळून खापरासारखी झालेली. त्याने ती सोडवली, कंदिलाच्या उजेडात फिरवून पाहिली आणि तेलात बुडवून ठेवली. ‘सकारपर्यंत फुगंल,’ एवढेच म्हणाला.

सकाळी निघण्याआधी मी पुन्हा त्या फळीवर गेलो. रात्री फुसफुसणारी ती बंदूक आता खणखणीत वाजत होती. बंदुकीत दारू नसते, कोंडलेली हवा असते, आणि त्या हवेला कोंडून धरते ती रात्रभर तेल प्यायलेली चामड्याची वाटी, हे मला त्या दिवशी कळले. पुढे आयटीआयमध्ये फिटरचा शिल्प निदेशक म्हणून मी आयुष्य काढले, कानस कशी धरावी हे शेकडो मुलांना शिकवले. पण दुरुस्ती म्हणजे काय, हे मी त्या पोत्याजवळ बसून शिकलो.

खटक्याचे चाकू आणि छर्ऱ्याच्या बंदुका, या दोन वस्तूंची दुरुस्ती करण्याचा आणि त्या जमवण्याचा छंद मला नोकरीच्या काळात गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीला लागला. त्या छंदाच्या वह्यांमधून हे पुस्तक तयार झाले आहे. या दोन वस्तू एकाच पुस्तकात कशा, असे कोणीही विचारील. दोघींच्या पोटात एकच गोष्ट आहे: कमान. चाकूत ती पट्टीची असते, बंदुकीत वेटोळ्याची. माणूस हाताने तिला दाबतो, ती ताकद ती धरून ठेवते आणि खटका किंवा चाप सुटला की परत देते. बाकी सगळे, म्हणजे पाते, मूठ, नळी, दस्ता, हे त्या परतफेडीला वाट करून देण्यासाठी आहे. कमान मेली की चाकू म्हणजे नुसते पाते उरते आणि बंदूक म्हणजे नुसती नळी. म्हणून पुस्तकाच्या निम्म्याहून अधिक पानांवर मी कमानीबद्दलच लिहिले आहे. ती पाने कोणाला रुक्ष वाटली तरी त्यांत काटछाट करायला मी तयार झालो नाही.

आणि कमानीबद्दल लिहायचे तर सूरजागडबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर आमच्याकडे आधी ठाकूरदेवाचा डोंगर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते, सूरजागड इलाख्यातली माडिया गावे चालत वर येतात. डोंगराचा दगड हातात घेतला तर अंदाजापेक्षा जड लागतो. बिनचकाकीच्या कवेलूवर तो घासला तर तांबडी रेघ उमटते. हे हेमॅटाइट, उत्तम प्रतीचे लोहखनिज. २००७ मध्ये लॉयड्स मेटल्स कंपनीला इथला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला, २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डोंगरावर उभी असलेली ७०हून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली. २०२१ पासून खाण पुन्हा चालू आहे. खनिज भरलेले ट्रक एटापल्लीहून आलापल्लीच्या वळणावर येतात आणि आष्टीकडे निघून जातात. रस्त्याच्या कडेची सागाची पाने उन्हाळ्यात लाल धुळीने माखतात. खाण हवी की नको, यावर गावागावांत वेगवेगळी मते आहेत आणि ती मांडण्याचा पहिला हक्क त्या गावांचा आहे. मी इथे एवढेच सांगतो, की माझ्या छंदाचा कच्चा माल याच रस्त्यावरून आला.

तो असा. जड ट्रक खड्ड्यात आदळला की चाकांवरचा कमानपाटा तुटतो. तुटलेला पाटा गॅरेजमधून भंगारात जातो आणि भंगारातून किलोच्या भावाने लोहाराच्या भात्यापाशी येतो. विळे, कोयते, कुऱ्हाडी, बांबू चिरायच्या रुंद कोयत्या, सगळे या पाट्यातून घडते. हे केवळ आमच्याकडे नाही, देशभरचे लोहार हेच करतात, कारण इतक्या स्वस्तात इतके चांगले पोलाद दुसरीकडे मिळत नाही. पाट्याच्या पोलादात कार्बनबरोबर सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते, म्हणून ते वाकून परत येते. मी पहिल्यांदा एका मोडक्या खटक्याच्या चाकूसाठी कमान करून मागितली, तेव्हा लोहारदादाने पाट्याचा तुकडा तापवण्याआधी माझ्याकडे बघून सांगितले, ‘मास्तर, हे पाटं टरकाचं हाये. याले जास्त तापवलं का मरते, मंग धार बी नाही न उडी बी नाही.’ माझ्या पाठ्यपुस्तकात हीच गोष्ट पोलादाचे कण मोठे होण्याच्या भाषेत दोन पानांत लिहिलेली होती. दादाला ती रंगावरून कळत होती.

रंगाचे हे प्रकरण मी पुस्तकात सविस्तर दिले आहे, तरी इथे थोडे सांगतो. पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात विझवले, म्हणजे आमच्या भाषेत त्याला पाणी दिले, की ते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच तडकते. मग त्याला पुन्हा हलके तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर, साधारण २२० ते २३० अंशांना, थांबलात तर धार टिकते. निळ्यापर्यंत, ३०० अंशांच्या आसपास, गेलात तर धार थोडी जाते, पण वाकून परत येण्याचा गुण येतो. चाकूचे पाते पिवळ्यावर थांबवायचे, त्याची कमान निळ्यावर. एकाच पाट्यातून निघालेले दोन तुकडे, आणि त्यांच्यातला फरक काही क्षणांचा. अंधाऱ्या भात्याच्या कोपऱ्यात तो निळा रंग धावत येताना पाहणे हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. अजूनही मी तो पाहायला मुद्दाम जातो.

लोखंडाच्या या जिल्ह्यांकडे बाहेरच्यांचे लक्ष आजचे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाचा कारखाना काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले. खनिज लोहाऱ्याचे आणि कोळसा जवळच्याच वरोऱ्याचा, असा तो बेत होता. पण वरोऱ्याचा कोळसा या कामाला उपयोगी नाही असे ठरले आणि बेत मागे पडला. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरला आले असताना तिथल्या संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, भूगर्भाचा एक नकाशा बघत उभे राहिले आणि दुर्गकडच्या लोखंडाची खूण त्यांना तिथे दिसली, अशी हकीकत सांगतात. कारखाना शेवटी जमशेदपूरला झाला. अजब बंगल्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा गेलो. मुले शस्त्रांच्या दालनातल्या तलवारींपुढे रेंगाळायची, मी मनात त्या नकाशाची जागा शोधायचो. चांद्याचे लोखंड तिथून एकदा हुकले होते. आता ते जात आहे, आणि आमच्या मुलांच्या हाती येते ते बहुतेक ट्रकचे स्टिअरिंग.

माझे म्हणणे या प्रस्तावनेत एकच आहे. ज्या तालुक्यातून लोखंडाचा एवढा दगड बाहेर जातो, त्या तालुक्यातल्या पोरापोरींना लोखंड तापवले, विझवले, वाकवले की काय होते ते स्वतःच्या हाताने माहीत असायला हवे. त्यासाठी भट्टी लागत नाही, कारखाना लागत नाही. एक मोडका चाकू किंवा जत्रेतली निकामी बंदूक पुरते.

आता चाकूकडे येतो. आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हटले की रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटले की हिंदी सिनेमातला गुंड. त्या सिनेमाने उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांवर मोठा अन्याय केला असे मला मनापासून वाटते. शिंगाची किंवा पितळेची मूठ, मुठीच्या खोबणीत निजलेले पाते, पाठीशी चपटी कमान, पात्याच्या बुडाशी खाच आणि त्या खाचेत बसणारी खुंटी. खटका दाबला की खुंटी खाचेतून उठते. पाते पूर्ण उघडले की तीच खुंटी दुसऱ्या खाचेत बसते आणि पाते जागच्या जागी पक्के होते. चार-पाच भागांत एवढे काम करून घेणारी वस्तू घडवायला कानशीवर हुकमत लागते. खाच केसभर जास्त घासली गेली तर पाते डुलते, कमी घासली तर अडकते. माझ्याकडे आलेल्या बहुतेक चाकूंची तक्रार खरे तर बिघाडाची नव्हतीच. मुठीत वर्षानुवर्षे साचलेले सुपारीचे पीठ, तंबाखू, मातीचे कण, एवढेच. रॉकेलने धुऊन, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला की ते चालू झाले. कमान तुटलेली असेल तर ती नेहमी वाकणीच्या जागी तुटते, आणि तिथे कानशीचा आडवा ओरखडा सापडतो. ओरखड्यापासून चीर सुरू होते. म्हणून कमान नेहमी लांबीच्या दिशेने घासावी, आडवी कधीही नाही. पुस्तकातले एकच वाक्य कोणी लक्षात ठेवणार असेल तर ते हे ठेवावे.

कायद्याबद्दल आडपडदा न ठेवता लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९ खाली नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग यांसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून हातभर कोयता खांद्यावर टाकून शेताला जाणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. पण खटक्याच्या पात्याकडे प्रशासन वेगळ्या नजरेने बघते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या खटक्याच्या चाकवांवरही बंधन आणले. आपल्याकडे सणासुदीला, निवडणुकीला पोलीस अधिनियमाखाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा खिशातला छोटा चाकूही अडचणीत आणू शकतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे रस्त्यावर तपासणीची नाकी ही कित्येक वर्षांची सवय होऊन बसली, तिथे तर ही काळजी दुप्पट घ्यावी. माझा नियम सरळ आहे: चाकू घराबाहेर जात नाही. दुरुस्तीला आलेला असेल तर पाते आणि मूठ वेगळी करून, दोन वेगळ्या डब्यांत, मालकाच्या चिठ्ठीसह. एका तरुण छंदिष्टाला हे पाळणे कमीपणाचे वाटले होते, पुढे एका नाक्यावर त्याला अर्धी रात्र बसावे लागले. त्याची चूक मी माझीच मानतो, कारण मी त्याला हे आधी बजावून सांगितले नव्हते. म्हणून हा मजकूर मी मागच्या परिशिष्टातून उचलून इथे पुढे आणला.

छर्ऱ्याच्या बंदुकीचे शास्त्र चाकूपेक्षा खोल आहे. नळी दुमडली की दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दबते. चाप ओढला की दट्ट्या झेपावतो, पुढची हवा क्षणात आकसून तापते आणि छर्ऱ्याला ढकलते. छर्रा न घालता चाप ओढला तर हवेला अडवणारे काही नसते. दट्ट्या मग नळकांड्याच्या तोंडावर थेट आदळतो, वाटी फाटते, स्प्रिंग पिचते. जत्रेतल्या पोरांनी मजेत ‘कोरी’ वाजवलेली बंदूक म्हणूनच वर्षभरात निकामी होते. तेल कमी पडले तर चामडे वाळते, फार झाले तर दाबाच्या उष्णतेने तेलच पेट घेते, धूर निघतो, आवाज मोठा होतो. तो आवाज ऐकून बंदूक जोरदार झाली असे समजणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात ती आतून झिजत असते. हवा सांध्यातून गळते का हे पाहायला पतंगाच्या कागदाची चिंधी सांध्यावर धरावी; छर्रा सुटताना ती फडफडली तर सांध्याची चकती बदलावी. हे मला फळीवाल्यानेच नंतरच्या एका जत्रेत शिकवले, त्याची युक्ती मी माझ्या नावावर खपवणार नाही.

हवेची बंदूक ही खेळण्यातली वस्तू आहे असा समज मला फार लागतो. अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्यात गिरार्डोनीने बनवलेली हवेची रायफल होती, तिच्या दस्त्यात हवा कोंडून ठेवत. अमेरिकेत १८०३ ते १८०६ मध्ये पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीनेही हवेची रायफल सोबत नेली होती. आणि आपल्या राज्याची आठवण काढायची तर अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला पोहोचल्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. त्या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दहा मीटरवरून बघताना तो डोळ्याला दिसतही नाही.

कायदा इथेही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा, मोठा असेल तर परवाना लागतो. हिशेब सोपा आहे: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर ती ऊर्जा १० ज्यूल होते. जुन्या बंदुका बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्यांना तिथेच ठेवावे. जाड स्प्रिंग घालून जोर वाढवून द्या, अशी मागणी घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. त्याला बहुतेक वेळा पाखरे मारायची असतात. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने ते गुन्हा ठरवले आहे, आणि कायदा नसता तरी मी ते केले नसते. भामरागडच्या रस्त्यावर एकदा मला एक हरियाल सापडला, पंखात छर्रा रुतलेला. ओंजळीत घेतला तेव्हा त्याचे हृदय माझ्या बोटांवर आपटत होते. तो वाचला नाही. तो छर्रा माझ्या संग्रहात आहे, आणि त्याच्या चिठ्ठीवर हेच लिहिले आहे.

संग्रहाबद्दल थोडे. संग्रह म्हणजे चकचकीत वस्तूंची मांडणी, असे समजून लोक जुन्या चाकूला एमरीने घासून उजळ करतात आणि पन्नास वर्षांचा काळसर थर एका दुपारी घालवतात. तो थर कारागिराच्या हातची खूण जपतो, गंजापासून पात्यालाही जपतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांत घोडे आहेत, पक्षी आहेत, माणसांच्या जोड्या आहेत, आणि प्रत्येकाच्या धारेपाशी सुपारीने पाडलेली झीज आहे. ती झीज नसती तर ते अडकित्ते नुसते पुतळे झाले असते. केळकरांनी राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवण्यापेक्षा घराघरातल्या वापरत्या वस्तू जमवल्या, म्हणून मी त्यांना गुरू मानतो, जरी त्यांची भेट मला कधी झाली नाही.

माझ्या पेटीत आज ४१ चाकू आणि ९ बंदुका आहेत. त्यांतला एकही चाकू महागडा नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर वापरलेली एक छोटी सुरी आहे, तिची दोरी पानांच्या चिकाने काळी पडली आहे. एका निवृत्त वनरक्षकाने दिलेला रामपुरी आहे, त्याची कमान दोनदा बदललेली. आणि बाभळीच्या मुठीचा, ट्रकच्या पाट्यातून घडवलेला एक खटक्याचा चाकू आहे, जो लोहारदादाने माझ्या निवृत्तीच्या दिवशी आणून दिला. त्याने आयुष्यात खटक्याचा चाकू त्याआधी केलेला नव्हता. माझ्या मोडक्या चाकवांच्या कमानी करता करता त्याने आतली रचना मनात टिपून ठेवली होती, एकही शब्द न बोलता. त्याची खाच मी भिंगाखाली पाहिली आहे. कानशीची एकही रेघ आडवी नाही.

पुस्तकातले पहिले प्रकरण चामड्याच्या वाटीचे आहे. घरात जुनी बंदूक असेल आणि हे वाचता वाचता ती उघडायची इच्छा झाली असेल, तर आधी स्प्रिंग दबलेली नाही ना ते पाहावे, दट्ट्या बाहेर काढावा, वाटी सोडवून गोड्या तेलात टाकावी आणि मग पान उलटावे. चामडे फुगायला रात्र लागते.